दसऱ्याला हार, दुसऱ्या दिवशी थरथर: १९६९ च्या सेसनाची हिवाळ्यातली दुरुस्ती

१२ ऑक्टोबर २०२४ ला दसरा होता, शनिवार. सकाळी हँगरमध्ये जाऊन विमानाला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. नारळ मात्र बाहेर गवतात जाऊन फोडला, कारण करवंटीचा एक तुकडा जरी प्रोपेलरने उचलला असता तर तो दसरा मला चांगलाच महागात पडला असता.

दुसऱ्या दिवशी उडून आलो, लँडिंग बरं झालं, वेग कमी होत होत तीस-पस्तीस मैलांवर आला आणि पुढचं चाक असं काही थडथडायला लागलं की समोरच्या डायलवरचे आकडे वाचता येईनात, हेडसेट नाकावर आला आणि बाजूला बसलेली बायको म्हणाली, "हे असंच असतं का?" मी म्हणालो हो. योक (विमान चालवायचं हँडल) पोटापर्यंत ओढला तेव्हा पुढच्या चाकावरचा भार कमी होऊन ते शांत झालं.

याला शिमी म्हणतात. त्यानंतरचे साडेपाच महिने कसे गेले, काय स्वतः केलं, काय करू दिलं नाही, किती पैसे गेले ते सगळं लिहून ठेवतोय. सुरुवातीला मी फारच गोंधळलो होतो, आणि मराठीत कोणाला विचारावं हेच कळत नव्हतं. एक आधीच सांगतो, हे सगळं अमेरिकेतल्या नियमांनुसार आहे, ओहायोतल्या एका टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळावरचं, भारतात हे वाचून पाना हातात घेऊ नका.

विमान म्हणजे सेसना १५०जे, १९६९ चं, दोन सीटचं, कॉन्टिनेंटलचं ओ-२००-ए इंजिन, १०० हॉर्सपॉवर. माझ्यापेक्षा बरंच म्हातारं. ऑगस्टमध्ये घेतलं. ग्रीन कार्ड येईपर्यंत थांबलो होतो कारण स्वतःच्या नावावर विमान रजिस्टर करायला नागरिक नाहीतर कायमचा रहिवासी असावं लागतं. रजिस्ट्रेशनचे कागद ओक्लाहोमा सिटीला जातात आणि फी फक्त ५ डॉलर, मी दोनदा वाचलं, मला वाटलं शून्य राहिलं असेल.

तर शिमी. आधी तासाभरावरच्या एका शॉपमध्ये नेऊन दाखवलं (जमिनीवर हळूहळू चालवत, योक पोटात). त्यांनी सगळं विमान बघून यादी दिली: नवीन शिमी डॅम्पर (थरथर शोषून घेणारी तेलाची नळी), पुढचा टायर, ब्रेकची लायनिंग (घासणारा थर), स्पार्क प्लग, आतलं फुटकं प्लास्टिक, प्रोपेलरच्या नाकावरच्या टोपीला म्हणजे स्पिनरला तडा आहे तो बदलणं. एकूण ३,४०० डॉलर. म्हणजे जवळपास पावणेतीन-तीन लाख रुपये, आणि हे वार्षिक तपासणी सोडून. त्या रात्री झोप लागली नाही. विमान विकावं का असाही विचार आला, घेऊन दोन महिने नाही झाले आणि.

आमच्या फील्डवर एक मेकॅनिक आहे, सत्तरी ओलांडलेला, ए अँड पी लायसन्स (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचं) आणि वर आयए, म्हणजे वार्षिक तपासणीवर सही करू शकणारा. त्याने यादी वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, नवं डॅम्पर लावलंस तर थरथर दोन महिने थांबेल, मग खालच्या झिजलेल्या बुशिंग (सांध्यांतल्या छोट्या नळ्या) नव्या डॅम्परलाही खातील. आधी नाक वर कर.

नाक वर करणं म्हणजे शेपटीकडच्या कडीला वजन बांधून पुढचं चाक जमिनीवरून उचलायचं. आम्ही वाळूच्या पिशव्या लटकवल्या. आडव्या शेपटीच्या टोकाला धरून दाबायचं नाही, पत्रा चेपतो, हे मला तिथेच कळलं, मी धरलंच होतं. मग त्याने मला चाक हातात धरून डावीउजवीकडे हलवायला लावलं. नोजगिअरवर, म्हणजे पुढच्या चाकाच्या पायावर, कात्रीसारखे दोन हात असतात, टॉर्क लिंक, त्यांच्या सांध्यात खट् खट् असा आवाज आणि डोळ्याला दिसेल एवढी हालचाल. डॅम्परचा दांडा ओढला तर पहिला पाव इंच काहीच विरोध नाही, म्हणजे आत हवा शिरलेली, तेल कमी. आणि टायर. टायरची गंमत पुढे सांगतो.

मग दोन आठवडे मी फक्त वाचलं. फेडरल एव्हिएशन रेग्युलेशनचा पार्ट ४३, त्याचं अपेंडिक्स ए, त्यातला परिच्छेद (सी). यात प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची यादी आहे, आणि तुमच्याकडे निदान प्रायव्हेट पायलटचं सर्टिफिकेट असेल आणि विमान तुमचं असेल, भाड्याने प्रवासी नेणारं नसेल, तर ही कामं तुम्ही स्वतः करून स्वतःच सही करू शकता. टायर काढणं-बसवणं, चाकाची बेअरिंग साफ करून ग्रीस भरणं, सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) आणि कॉटर पिन बदलणं, स्पार्क प्लग काढून साफ करणं, बॅटरी, लँडिंग लाइटचा बल्ब, आतली गादी आणि शोभेचं प्लास्टिक, अशी बरीच आहे. शिमी डॅम्पर उघडणं त्यात नाही. टॉर्क लिंकच्या बुशिंग नाहीत. पण त्याच पार्ट ४३ मध्ये असंही आहे की लायसन्सवाला मेकॅनिक प्रत्यक्ष हजर राहून लागेल तेवढी देखरेख करत असेल तर त्याच्या हाताखाली बिनलायसन्सचा माणूस काम करू शकतो, सही त्याची. माझ्या यादीचे सरळ तीन भाग पडले: माझी सही, त्याची सही, आणि हात लावायचा नाही.

मेकॅनिकशी ठरलं ते असं, तासाला ८० डॉलर, मी काम करणार तो बघणार, आणि तो नसताना मी दुसऱ्या भागातल्या एकाही बोल्टला हात लावणार नाही. हे शेवटचं त्याने दोनदा सांगितलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी टायर. नवीन ५.००-५ टायर आणि ट्यूब मिळून १९० डॉलर, यायला नऊ दिवस. चाक काढण्याआधीची एक गोष्ट जाड अक्षरात लिहिली पाहिजे: चाक दोन अर्ध्या भागांचं असतं, बोल्टने जोडलेलं, आणि टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल केलेत तर ते अर्धं चाक तोफगोळ्यासारखं तोंडावर येतं. आधी व्हॉल्व्हचा कोअर पूर्ण काढा, सूं आवाज थांबला की काडी घालून बघा, मग पाना.

आणि ती गंमत. विमानाच्या टायरवर एक लाल ठिपका असतो, टायरची सगळ्यात हलकी बाजू. ट्यूबवर पिवळा पट्टा असतो, जड बाजू. दोन्ही एकाच जागी आणायचे म्हणजे वजन साधारण जुळतं, ट्यूबवर पट्टा नसेल तर व्हॉल्व्हलगत ठिपका. जुन्या टायरवरचा ठिपका धुळीतून घासून काढला तर तो व्हॉल्व्हच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला! कोणीतरी कधीतरी घाईत बसवलेला. म्हणजे थरथरीचं एक कारण फुकटात सुटलं असतं. मी नवीन ट्यूबला टाल्कम पावडर लावली, ठिपका जुळवला, थोडी हवा भरून पूर्ण सोडली (ट्यूबची घडी मोडते), मग परत ३० पीएसआय. बोल्टचा टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचा ते, अंदाजाने नाही, मॅन्युअलमध्ये बघून. १९६९ ते १९७६ च्या १५० साठी सेसनाचं एकच सर्व्हिस मॅन्युअल आहे, ते आधी मिळवा, बाकी सगळं नंतर.

त्याच दिवशी बेअरिंग. जुनं ग्रीस पेट्रोलियम सॉल्व्हंटने धुतलं तर आतून चहाच्या गाळासारखं काळं निघालं. रोलरवर डाग किंवा निळसर रंग दिसला तर बेअरिंग फेकायचं, माझी चांगली होती. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूने ग्रीस वर येईपर्यंत. २० डॉलरचा डबा, दहा वर्षं पुरेल.

आणि मग संध्याकाळी मी मोठ्या अभिमानाने लॉगबुकमध्ये पहिली नोंद केली: नोजव्हील दुरुस्त केलं, शिमी बरी झाली. मेकॅनिकने वाचलं. "बरी झाली हे कोणी तपासलं? आणि दुरुस्त हा शब्द तुझा नाही. जे हाताने केलंस तेवढंच लिही." व्हाइटनर लावायचं नाही, एक रेघ मारून बाजूला आद्याक्षरं, खाली नवीन नोंद. तर नोंदीत काय हवं: काय काम केलं त्याचं वर्णन, पूर्ण केल्याची तारीख, सही, सर्टिफिकेटचा नंबर आणि सर्टिफिकेट कसलं ते. मी सोबत टॅकचे (इंजिनाच्या मीटरवरचे) तास आणि कोणत्या मॅन्युअलप्रमाणे केलं तेही लिहितो, विमान विकताना समोरचा माणूस हेच वाचतो.

डिसेंबर प्लास्टिकमध्ये गेला. जुन्या सेसनात आतले खांब, दाराची कड, सीटच्या मागचं कव्हर हे सगळं एबीएस प्लास्टिकचं आणि पंचावन्न वर्षं उन्हात तापून बिस्किटासारखं झालेलं, स्क्रू काढला की स्क्रूभोवतीचा तुकडा हातात. नवीन भागांची किंमत विचारूच नका. घरगुती उपाय जुना आहे: त्याच प्लास्टिकचे न दिसणारे तुकडे कापून बारीक करायचे, काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवायचे, सकाळी डोशाच्या पिठाएवढं घट्ट झालेलं मिळतं. तड्याच्या टोकाला आधी एक बारीक भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे पळत नाही, मग मागच्या बाजूने फायबरग्लासच्या जाळीची पट्टी आणि त्यावर हे पीठ, पातळ थर, दिवसाला एकच. घाई करून जाड थर दिलात तर आत बुडबुडे राहतात आणि वरचं पोपडं सुटतं, माझा पहिला खांब असाच वाया गेला. बरणी लोणच्याची होती आणि त्यावरून घरात जे झालं ते वेगळं. गॅरेजचं दार उघडं ठेवून करा, हीटर बंद, अ‍ॅसिटोनची वाफ पेटते. बाहेर उणे आठ होतं, मी स्वेटर, जॅकेट आणि कानटोपी घालून पीठ लावत होतो. खर्च ३० डॉलर आणि तीन वीकेंड. जवळून पाहिलं तर डाग दिसतात, मी जवळून पाहत नाही.

सीटचं कापड मात्र फसलं. आईने खणाचं सुंदर कापड पाठवलं होतं, हिरवं, लाल काठाचं, मी नवीन कव्हर शिवायला बसणार तेवढ्यात मेकॅनिकने विचारलं, बर्न सर्टिफिकेट आहे का? विमानातलं कापड सहज पेट घेणारं चालत नाही आणि तसा कागद लागतो. खणाला असला कागद कुठून येणार. आता ते आमच्या सोफ्याच्या उशांवर आहे.

जानेवारीत स्पार्क प्लग. चार सिलिंडर, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ. विमानाच्या १००एलएल पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं आणि ते खालच्या प्लगमध्ये साचून खडीसाखरेच्या बारीक खड्यांसारखे करडे गोळे होतात. दातकोरणीसारखी अणकुचीदार हुकाची सळई घेऊन ते एकेक टोकरून काढायचे, हे काम मला फार आवडलं, का ते माहीत नाही. मग गॅप, म्हणजे प्लगच्या टोकांमधली फट, मोजायचा, नवीन तांब्याचे वॉशर (८ डॉलर), थ्रेडला ल्युब्रिकंट पण पहिल्या आट्याला नाही, आणि वरचे प्लग खाली, खालचे वर अशी अदलाबदल म्हणजे झीज सारखी होते. टॉर्क कॉन्टिनेंटलला ३०० ते ३६० इंच-पाउंड. सातवा प्लग माझ्या हातातून निसटला. गुडघ्याएवढ्या उंचीवरूनच, काँक्रीटवर टण् झाला, बघितला तर एक चरा नाही. उचलून पुसतोय तोच मागून आवाज आला, पडलेला प्लग म्हणजे मेलेला प्लग. आतल्या सिरॅमिकला तडा गेलेला बाहेरून दिसत नाही, तो वर दाबाखाली गेल्यावर कळतो. ४५ डॉलर. तो प्लग आता माझ्या ऑफिसच्या टेबलावर पेपरवेट आहे. एअर फिल्टरचा फोमही तेव्हाच बदलला, १५ डॉलर, पाच मिनिटं.

फेब्रुवारीत ब्रेक, मेकॅनिकच्या देखरेखीखाली. क्लीव्हलंड ब्रँडच्या ब्रेकची लायनिंग रिव्हेटने बसवलेली असते, जाडी ०.१०० इंचाला आली की बदलायची. रिव्हेट काढायचं-ठोकायचं हत्यार २५ डॉलर, चार लायनिंग आणि रिव्हेट ६०. जमायला लागलं की मजा येते. शेवटी बोल्टना सेफ्टी वायर, आणि इथे माझे वडील आले. बाबा ओझरला एचएएलमध्ये फिटर होते, मिगच्या दिवसांपासून, आता नाशिकला रिटायर्ड. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तिकडे रात्रीचे साडेदहा.

"जवळ आण. अजून जवळ. हे उलटं झालंय."

"बाबा, घट्ट आहे चांगली."

"घट्ट असून काय उपयोग? वायरने बोल्ट आवळायच्या बाजूला ओढला पाहिजे, तू सैल व्हायच्या बाजूला ओढलायस. काप ती. आणि शेपूट आत वळव, कुणाचा तरी हात फाडशील."

मेकॅनिकला भाषा कळली नाही पण तो हसत होता, कारण हेच सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. तिसऱ्या वेळी जमली. इंचाला सहा ते आठ पीळ, मोजून. नंतर रनवेच्या बाजूच्या टॅक्सीवेवर लायनिंग बसवण्याची रीत: इंजिन १,७०० आरपीएमवर, ब्रेक हलका दाबून ठेवून चालण्यापेक्षा जरा जास्त वेगाने साधारण १,५०० फूट, मग दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यायचं. हे न करता उडालात तर लायनिंग नुसतीच झिजत राहते.

मार्चमध्ये मुख्य काम आणि वार्षिक तपासणी एकत्र. मुदत ३१ मार्च, आम्ही १५ तारखेला सुरू केलं. डॅम्पर उघडला तर आतली रबरी ओ-रिंग चपटी आणि कडक, नखाने तुकडा पडला. नवीन मिल-स्पेकच्या (लष्करी मानकाच्या) रिंगा ९ डॉलर. ऑटोपार्ट्सच्या दुकानात तशाच मापाची रिंग काही सेंटना मिळते हे मी बघून आलो होतो, बोललोही, आणि मेकॅनिकने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. आणि तेल मिल-एच-५६०६, ते लाल, गाडीचं ब्रेक फ्लुइड चुकूनही नाही, या रिंगा त्यात फुगून खराब होतात. तेल भरताना दांडा आतबाहेर करत एकेक बुडबुडा काढायचा, याला अर्धा तास लागला आणि घाई केली असती तर सगळं फुकट, कारण हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही.

टॉर्क लिंकच्या बुशिंग १२० डॉलर. जुनी काढून हातात घेतली तर गोल भोक चक्क अंड्याच्या आकाराचं झालेलं, आणि नवीन बसवल्यावर उरलेली बाजूची फट पातळ शिम, म्हणजे चकत्या, घालून भरली, ०.०१० इंच वगैरे, एक घातली तर सैल, दोन घातल्या तर लिंक हलेना, मग एक जाड एक पातळ. दुपार गेली त्यात.

तपासणीत सीटच्या रुळांची भोकं मोजली, त्यावर २०११ चा एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश) आहे, भोक ०.४२ इंचापेक्षा जास्त झिजलेलं चालत नाही कारण टेकऑफला सीट मागे सटकली तर पायलट योकसकट मागे येतो. माझी मर्यादेत बसली, एक जेमतेम.

स्पिनरचं सांगायचं राहिलं. तडा दीड सेंटिमीटर. प्लास्टिकवर हात बसला होता, म्हटलं इथेही टोकाला भोक पाडून थांबवू. मेकॅनिक नाही म्हणाला. स्पिनर मिनिटाला अडीच हजार वेळा फिरतो, तिथे ठिगळ नाही. मी दोन दिवस वाद घातला, मग कागदपत्रांसकट एक वापरलेला स्पिनर ३८० डॉलरला घेतला. यादीतली ही एकच गोष्ट मी रडत घेतली.

एकूण हिशोब: सुटे भाग आणि सामान ५४७, देखरेखीचे सहा तास ४८०, स्पिनर ३८०, टॉर्क रेंच आणि वायरचा पक्कड १३०. म्हणजे १,५३७. वार्षिक तपासणीची ठरलेली फी ९०० ती वेगळी, ती तशीही लागलीच असती. माझे तास सत्तरच्या आसपास, ते धरले तर शॉपच स्वस्त होतं असं बायको म्हणते आणि गणित तिचं बरोबर आहे.

२९ मार्चला शनिवारी मेकॅनिकने लॉगबुकवर सही केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. सकाळी घरी गुढी उभारली, श्रीखंड खाऊन अकराला हँगरवर, एकटाच उडालो, काही झालं असतं तर निदान "हे असंच असतं का" ऐकायला लागलं नसतं. तीन टच अँड गो (टेकून लगेच परत उडणं) नाही, तीन पूर्ण थांबे केले, मुद्दाम योक जरा लवकर सोडून पुढचं चाक टेकवलं. चाळीस मैल, पस्तीस, तीस. काही नाही. डायलचे आकडे जागच्या जागी. मी एकटाच कॉकपिटमध्ये हसत होतो.

हँगरमध्ये आणून पुसताना पाहिलं तर नोजगिअरच्या चकचकीत नळीवरून लाल तेलाचा एक बारीक ओघळ खाली आलाय. स्ट्रटची, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरची, सील. फोटो काढून मेकॅनिकला पाठवला, उत्तर आलं, एप्रिल, दुसरा शनिवार, शर्ट जुना घाल. लँडिंगचा व्हिडिओ बाबांनाही पाठवला होता. त्यांचं उत्तर रात्री आलं: सेंटरलाइनच्या डावीकडे उतरलास.